चाकांच्या दोन रेघा

१

वाळूवर आमच्या आधीच दोन रेघा उमटलेल्या होत्या.

कयाक वाहून न्यायच्या गाडीच्या रेघा, हे लांबूनही कळत होतं. हातभर अंतर ठेवून दोन्ही शेजारीशेजारी चालल्या होत्या, वहीत आखल्यासारख्या सरळ. पहिल्यांदा मला त्यात काहीच वाटलं नाही. स्लेटर्स बीचवर ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की जो तो आपली होडी दोनचाकी गाडीवर घालून ओढतच नेतो. तिथे चाकांच्या खुणा नसत्या तरच नवल.

मग मी पावलं शोधली. मी असलं काहीतरी शोधतेच. टोस्टरमधून पाव वर उडाला तरी मी दचकते, आणि दचकायला काही नसलं की शोधून काढते, असं आत्या म्हणते.

पावलं नव्हती.

"आत्या, आपल्यापुढे कुणी गेलंय का?"

"गेलं असेल."

"पावलं नाहीत पण."

"मग उडत गेलं असेल. तू ओढ."

दोन्ही होड्यांचे दोर माझ्या खांद्यांवर होते, आणि डेल आत्या दोन वल्ही हातात धरून शेजारून राणीसारखी चालली होती. मी मागे वळून पाहिलं. आमच्या चाकांच्या चार रेघा, माझे खोल ठसे, तिचे जरा तिरके ठसे. सगळ्यांत सारखंच पाणी पाझरत होतं. रेघा टिकल्या आणि पावलं बुजली, असं म्हणायला जागा नव्हती.

शिवाय ही वाळू नुकतीच उघडी पडलेली होती. आम्ही चालत होतो तसतसं पाणी आमच्यापुढे सरकत होतं, आणि त्या रेघा त्याच्या काठापर्यंत गेल्या होत्या. म्हणजे जो कुणी गेला तो आत्ता समुद्रात दिसायला हवा होता. समुद्र ताटासारखा सपाट होता, आणि त्यावर कुणी नव्हतं.

"किंवा कुणी पाण्यातून बाहेर आलं असेल," आत्या म्हणाली. "चाकाच्या खुणेवरून जाणारा कोण नि येणारा कोण, कळतं होय?"

तिनं ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. मला मुळीच बरं वाटलं नाही.

२

आत्याला या दिवसाची उन्हाळ्यापासून आस होती. उन्हाळ्यात तिचा खुबा बदलला. आयुष्यभर शाळेची बस चालवली, सीट कडक होती, त्याचं हे बक्षीस, असं ती सगळ्यांना सांगायची. डॉक्टरांनी होडीत बसायची परवानगी दिली. पण शहरातल्या पोहण्याच्या तलावात आम्ही उलटलेल्या होडीवर परत चढायचा सराव केला, तेव्हा तिला ते जमलं नाही. एकदाही नाही. पाय वर घेऊन अंग वळवायचं म्हटलं की तिचा चेहरा पांढराफटक व्हायचा.

"मग मी उलटणार नाही," ती म्हणाली होती.

"आणि उलटलीस तर?"

"तू असशील ना शेजारी. धरशील मला."

एवढंच माझं काम होतं. शेजारी असायचं. वडील गेल्यावर ज्या बाईनं मला घरात घेतलं, कॉलेजात पाठवलं आणि माझ्या प्रत्येक दचकण्याची टिंगल करून मला दचकत दचकत का होईना जगायला शिकवलं, तिच्या होडीला एक हात लावून राहायचं.

बेत साधा होता. ओहोटीच्या तळाला वाळूवरून चालत जायचं, समोरच्या कासवखडकाला वळसा घालायचा आणि भरतीच्या पाण्यावर बसून थेट आमच्या कयाक क्लबच्या शेडपर्यंत परत यायचं. जाताना गाडी ओढायची, येताना समुद्र आणून सोडतो. सगळे असंच करतात.

शेडमध्ये साल्वू होता. तो साखर कारखान्यात फिटर आहे. गळीत हंगाम चालू असल्यानं रात्रपाळी संपवून तसाच आला होता, आईनं केलेल्या गरम पास्तीत्सी, म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत करंज्या, घेऊन. त्याचं काम किटली सांभाळायचं आणि भिंतीवरच्या बिनतारी रेडिओशी बसायचं.

"साल्वू, तुझी होडीची गाडी ऐकली हो काल," आत्यानं निघताना त्याला टोमणा मारला होता. "पार माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येत होती कुईकुई. कारखान्यातली एवढी यंत्रं तुझ्या हातात, आणि स्वतःच्या चाकाला थेंबभर तेल नाही."

"वाजणारी गाडी कुणी चोरत नाही, डेल."

"ती तर फुकट दिलीस तरी कुणी नेणार नाही."

आमच्या क्लबची एक पद्धत आहे, तीही इथेच सांगायला हवी. हिवाळ्यात सकाळी इथे धुकं उतरतं, आणि शेडमागच्या गवतात करवानक राहतात. लांब पायांचे, मोठ्या डोळ्यांचे पक्षी. ते ओरडले की एखादी बाई गळा काढून रडतेय असंच वाटतं. एकदा साल्वू कुणीतरी मदतीला हाका मारतंय असं समजून त्या पक्ष्याच्या दिशेनं वल्हवत गेला आणि खारफुटीच्या चिखलात अडकून बसला. तेव्हापासून धुक्यात नुसती हाक मारायची नाही आणि नुसती ओ द्यायची नाही, असं ठरलं. हाक मारणाऱ्यानं "चहा?" म्हणून ओरडायचं, आणि ऐकणाऱ्यानं आपला चहा सांगायचा. साल्वूचा दुधाचा, बिनसाखरेचा; कारखान्याचा वास घेऊनच आपल्याला साखर होते असं तो म्हणतो. माझा दुधाचा, एक चमचा. आत्याचा काळा, दोन चमचे.

पक्ष्याला आपला चहा सांगता येत नाही. कोण आहे आणि कुठे आहे, दोन्ही एका दमात कळतं.

३

त्या रेघा पाण्याच्या काठाशी थांबल्या नाहीत. त्या पाण्यात गेल्या होत्या. घोट्याएवढ्या पाण्याखाली, स्वच्छ, दोन.

मी आत्याला दाखवल्या नाहीत. तिला मी होडीत बसवत होते. एक पाय आत, मग माझ्या खांद्यावर भार, मग दुसरा पाय हळूच. ती बसली, आणि तिच्या तोंडून असा एक सुस्कारा निघाला की मला रेघांचा विसर पडला.

"बसले गं," ती म्हणाली. "बसले."

मी तिच्या कमरेभोवतीचं रबरी झाकण होडीच्या काठावर ताणून बसवलं, तिची गाडी घडी करून मागच्या बाजूला बांधली. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की तिच्या जाकिटाला रेडिओ नाही.

"रेडिओ कुठाय?"

"मागच्या डब्यात. छातीवर ते खोकं टोचतं."

"मागच्या डब्यात तुझा हात तरी पोचतो का?"

"तुझ्या छातीवर आहे ना एक? आणि तू शेजारीच आहेस. सोड आता, इथे होडीचा तळ वाळूला घासतोय. मी त्या संथ पाण्यात जाऊन थांबते."

मी सोडायला नको होतं. पण ती हसत होती, नव्या खुब्यासकट पाण्यावर बसून हसत होती, आणि संथ पाणी तर दिसत होतं, हाकेच्या अंतरावर. मी होडीला हलका धक्का दिला.

माझ्या गाडीची खीळ वाळूनं अडकली होती. मी गुडघ्यावर बसून ती हलवत राहिले. मान वर केली तेव्हा आत्या वल्हं मांडीवर ठेवून थांबली होती, पाठमोरी. पुन्हा खाली वाकले. खीळ निघाली. वर पाहिलं, तर आत्या नव्हती.

धुकं समुद्रावरून आलं नव्हतं. ते माझ्या मागून आलं होतं, उसाच्या शेतांवरून घरंगळत, कारखान्याच्या मळीचा गोडसर वास घेऊन. ते माझ्या डोक्यावरून पुढे गेलं आणि त्यानं सगळं पुसून टाकलं. माझी होडी दिसत होती, माझे हात दिसत होते, बास.

"आत्या?"

मग मला पद्धत आठवली. "चहा?"

उत्तर आलं नाही. आवाज मात्र आला.

कुईं. कुईं. कुईं.

कोरडं चाक. सावकाश, चालणाऱ्या माणसाच्या गतीनं.

मला एवढं हायसं वाटलं की मी जवळजवळ रडले. साल्वू आला. धुकं पाहून तो शेडमधून निघाला असणार, गाडी घेऊन. का घेऊन? ते नंतर विचारता येईल.

मग माझ्या लक्षात आलं की आवाज समुद्राकडून येतोय.

४

मी रेडिओचं बटण दाबलं. "साल्वू, तू कुठेस?"

"किटलीसमोर," त्याचा आवाज लगेच आला, तोंडात पास्तीत्सी असलेला. "इथून तर काहीच दिसत नाही गं. दोघी एकत्र आहात ना?"

"तुझी गाडी कुठाय?"

"माझी गाडी?"

"गाडी, साल्वू. कुठाय?"

"माझ्या पायाशी. तिच्यावरच पाय ठेवून बसलोय. का?"

मी बटण दाबून धरलं आणि रेडिओ हातभर लांब, त्या आवाजाच्या दिशेनं धरला. मग कानाशी आणला. "ऐकलंस?"

"खरखर ऐकू आली. मेरिन, डेल कुठेय?"

मी सांगितलं.

"हे बघ," तो म्हणाला. "मी फोन घेऊन टेकडीवर जातो. इथे रेंज नाही. बचाव नौकेला कळवतो. रेडिओ भिंतीला आहे, तो काही मला नेता येणार नाही, म्हणजे थोडा वेळ तुला कुणी उत्तर देणार नाही. घाबरू नकोस. तू होडीत बस, होकायंत्रावर पश्चिम धर आणि काठाला ये."

"आणि आत्या?"

"एक हरवलेली पुरे. तू काठाला ये."

मग तोही गेला.

माझ्या मागे, जमिनीच्या बाजूला, पाणी वाहायचा आवाज येऊ लागला होता, कुणी नळ सोडून गेल्यासारखा. इथली भरती समोरून येत नाही. काठ आणि बाहेरचा वाळूचा दांडा यांच्यामध्ये एक लांब चर आहे. पाणी आधी त्यात शिरतं, तुमच्या पाठीमागे, आणि तुम्ही समुद्राकडे पाहत उभे असता. म्हणून इथली माणसं चर वाजू लागला की होडीत बसतात. होडी तरंगते, माणूस तरंगेलच असं नाही.

मी होडीत बसले. गाडी घडी न करताच पाठीशी, होडीवर अडकवली होती.

कुईं. कुईं.

५

आता मी जे जे मनाशी म्हटलं, ते सांगते. मी शिकलेली मुलगी आहे. समुद्रविज्ञानाची पदवी आहे माझ्याकडे, जरी सध्या नगरपालिकेत पाणीपट्टीच्या तक्रारी ऐकत असले तरी.

पेलिकन असेल. पेलिकन असा आवाज काढत नाहीत. मग एखादा तरंगता बोया, साखळीवर घासणारा. पण बोया एका जागी वाजतो, आणि हा आवाज चालत होता. डावीकडून उजवीकडे, मग थांबून परत. धुक्यात आवाजाची दिशा कळत नाही, हे खरं आहे. आत्याच्या वल्ह्याचा सांधा असेल, हेही खरं असू शकतं. पण आत्या आपल्या वस्तूंना रोज तेल घालते.

"चहा?" मी ओरडले.

चाक थांबलं.

मी श्वास रोखून बसले. होडीच्या तळाला पाणी थापट्या मारत होतं. माझा आवाज संपला, धुक्यानं तो पिऊन टाकला, आणि मग, माझा आवाज पूर्ण संपल्याची खात्री करून घेतल्यासारखं, ते पुन्हा सुरू झालं.

कुईं. कुईं. कुईं.

मी आणखी एकदा करून पाहिलं. प्रयोग म्हणून, असं मनाला सांगितलं. "चहा?"

थांबलं. ऐकलं. निघालं.

त्या दोन थांबण्यांच्या मध्ये ते जवळ आलं होतं.

मी वल्ह्याचं पातं खाली घातलं. तळ लागला, पण माझा हात दंडापर्यंत बुडाल्यावर. पाणी झपाट्यानं चढत होतं, आणि प्रवाह होडीला दक्षिणेकडे ओढत होता. खाली पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. वाळू दिसत होती, पाण्यानं पाडलेल्या बारीक घड्या दिसत होत्या, आणि त्यांच्यावरून आडव्या जाणाऱ्या दोन रेघा. एवढ्या वाहत्या पाण्यात माझ्या चाकांच्या खुणा केव्हाच पुसल्या गेल्या होत्या. या दोन तशाच होत्या, धारदार, नुकत्या उमटल्यासारख्या. त्या माझ्या होडीखालून जात होत्या.

मला पश्चिम माहीत होती. होकायंत्राचा काटा समोरच होता. जोर लावला असता तर साल्वूची किटली उकळायच्या आत मी गवतावर असते.

पण मग आत्याला यायला जागाच उरली नसती. ती या धुक्यात कुठेतरी बसली होती, किंवा बसलेली नव्हती. आणि तिला माहीत असलेली एकच गोष्ट म्हणजे मी जिथे तिला सोडलं ती जागा. मी हलले, किंवा प्रवाहानं मला हलवलं, तर माझी हाक तिला चुकीच्या ठिकाणी बोलावणार. शेजारी असायचं, एवढंच काम होतं. ते जमलं नव्हतं. निदान जागेवर असायचं.

मग मी ती गोष्ट केली जी आमच्याकडे नवख्यांना पहिल्याच दिवशी करू नका म्हणून बजावतात. कमरेच्या पट्ट्यातला ओढायचा दोर काढला, त्याचा आकडा माझ्या गाडीला अडकवला आणि गाडी पाण्यात सोडली. नांगर म्हणून. वाहत्या भरतीत कमरेला नांगर बांधणं म्हणजे वेडेपणा. होडी तिरकी झाली तर क्षणात उलटते. पट्ट्याला एक झटकन सुटणारा खटका असतो. माझा डावा हात मी त्या खटक्यावर ठेवला, आणि तिथेच ठेवला.

दोर सरसरत गेला. गाडी तळाला टेकली. होडीनं प्रवाहाकडे तोंड फिरवलं आणि ती थांबली.

"चहा?"

६

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. मी हाक मारायचे, चाक थांबायचं. मी गप्प बसायचे, ते चालायचं. मधूनच ते लांब जायचं, इतकं लांब की मला वाटायचं गेलं. मग परत यायचं. माझा घसा बसत चालला. शिट्टी होती, पण शिट्टी कुणाचीही असू शकते. मी ओरडतच राहिले.

आणि मग दोर थरथरू लागला.

प्रवाहानं दोर थरथरतो. ते मला ठाऊक आहे. पण ती थरथर निराळी होती. ओल्या वाळूच्या घड्यांवरून गाडी ओढताना दोरातून हातात एक गुदगुल्या करणारी टकटक येते, टक टक टक टक, प्रत्येक घडीला एक; मी लहानपणापासून ती खांद्यावर घेतली आहे. आत्ता ती माझ्या कमरेत येत होती.

खाली माझी गाडी कुणीतरी ओढत होतं.

प्रवाह ओढतोय, मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. गाडीला चाकं आहेत, चाकं फिरणारच, एवढं साधं आहे. पण प्रवाह दक्षिणेला होता आणि दोर पूर्वेला ताणत होता, समुद्राकडे, त्या आवाजाकडे. होडीचं नाक हळूहळू तिकडे वळलं.

हात खटक्यावर होता. दाबला की सुटका. दाबला की मी दक्षिणेकडे वाहत जाणार, आणि या जागी कुणीच नसणार.

मी दाबला नाही. मी शूर नाही. एखादं काम सोडायची भीती दुसऱ्या सगळ्या भीतींपेक्षा मोठी असते कधीकधी, तसं काहीतरी होतं ते.

"चहा?" आवाज चिरकला.

चाक थांबलं. दोरातली टकटकही थांबली. दोन्ही एकदम.

धुकं जरासं विरळ झालं होतं, वर कुठेतरी ऊन असल्यासारखं पिवळट. त्या पिवळटपणात माझ्यासमोर, वल्ह्याच्या दोन-चार फटक्यांवर, एक टोक दिसलं. होडीचं नाक. पाण्यावर असतं तसं आडवं नाही. गाडीवर घालून ओढताना उचललेलं असतं तसं वर उचललेलं. त्याला दोर होता. दोर पुढे ताणलेला होता, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, आणि जिथे खांदा असायला हवा तिथे धुकं होतं.

तिथलं पाणी आता घराएवढं खोल होतं.

मी ओरडले नाही. इतकी वर्षं फुकट दचकत आले, आणि दचकायची वेळ आली तेव्हा माझ्या अंगातून काहीच निघालं नाही. ते उभं होतं. मला वाटलं, ते ऐकतंय. माझ्या पुढच्या हाकेची वाट बघतंय. लहान मूल कुठल्या खोलीत रडतंय ते कळावं म्हणून दारात थांबून ऐकतात ना, तसं.

मला आजही सांगता येत नाही की मी पुढची हाक कोणाला मारली. आत्यालाच मारली, असं मी धरून चालते. मी डोळे मिटले, कारण उघड्या डोळ्यांनी ते होणार नव्हतं, आणि उरलासुरला घसा एकवटून ओरडले.

"चहा?"

काहीच नाही. पाणी. लांब शेतांपलीकडे कारखान्याचा भोंगा.

कमरेवरचा ताण सुटला. दोर ढिला पडला, एकदम, हातातून खाली ठेवल्यासारखा.

मी डोळे उघडले. समोर नुसतं पिवळट धुकं होतं. त्यात वल्ह्याचा आवाज होता; एक फटका, मग थांबणं, मग दुसरा, दुखऱ्या बाजूला जपून मारलेला. आणि त्याच्यामागून दमलेला, चिडलेला, माझ्या आयुष्यातला सगळ्यात ओळखीचा आवाज.

"काळा. दोन चमचे. आणि साल्वूला सांग, चाकाला तेल घालू नकोस म्हणावं. मघापासून त्याच्या कुईकुईच्या मागूनच येतेय मी."